उतरलेलं वजन कुठं जातं

पाय मोडला याचं मला फारसं दुःख नव्हतं. तो कसा मोडला हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगावं लागायचं, त्याचं होतं. माणसाचा पाय मोडावा तर त्याला काही शोभेलसं कारण असावं. कुणाला तरी वाचवताना, गेलाबाजार जिना उतरताना. मी बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यावर उभ्या उभ्या पडलो. पायपुसणं जागचं हललंसुद्धा नाही. घोट्याच्या वरचं हाड मात्र गेलं, आणि हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून असं काही तोंड केलं, की दोष हाडाचा नसून पोटाचा आहे, हे त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं.

"हाड जुळेल हो," डॉक्टर म्हणाले, "पण त्याने उचलायचं तरी कुणाकुणाला?"

खोलीत मी एकटाच होतो. बायको बाहेर औषधांच्या रांगेत होती. तेव्हा हे 'कुणाकुणाला' माझ्या जिव्हारी लागलं. पुढे त्यांनी स्पष्टच सांगितलं, की प्लास्टर निघायच्या आत वीसेक किलो उतरवा, नाहीतर पट्टी आणि स्क्रू घालावे लागतील आणि जन्मभर काठी सुटायची नाही. वीस किलो म्हणजे एक पोतं. ते मी इतकी वर्षं अंगाखांद्यावर वागवत होतो आणि मला पत्ता नव्हता.

झालं, प्रकल्प सुरू झाला. आमच्या इमारतीत कुणी आजारी पडलं की बाकीच्यांना डॉक्टर झाल्यासारखं वाटतं. एकाने सांगितलं भात सोडा, दुसऱ्याने सांगितलं भातच खा, बाकी सगळं सोडा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी साखर, मीठ आणि तेल बंद करायला सांगितलं आणि जाताना, मन मारू नका हो, असंही सांगितलं. सगळ्यांचे सल्ले एकत्र केल्यावर खायला काय उरतं हे बायकोने पाहिलं, तर कोमट पाणी उरत होतं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. आयुष्यभर विज्ञान शिकवल्यामुळे त्यांना साधं 'बरं आहे का' म्हणता येत नाही. ते माझ्या पलंगाशेजारी बसून म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. वस्तू नाहीशी होत नसते. ती फक्त जागा बदलते."

मला वाटलं, धीर देताहेत. मी थँक्यू म्हणालो.

आता आमच्या स्वयंपाकघराविषयी थोडं सांगायला हवं, कारण सगळी गडबड तिथूनच झाली असं माझं ठाम मत आहे. माझी बायको मोजून-मापून स्वयंपाक करत नाही. तिच्या हाताला अंदाज आहे. डोळे झाकून मूठ भरेल, पण दाणा कमी नाही की जास्त नाही. लग्नापासून तो हात माझ्या भुकेचं माप धरून बसलेला, आणि माझा पाय मोडल्याचं त्या हाताला कुणी कळवलं नव्हतं. त्यामुळे मला वाटीभर सूप आणि काकडीच्या चकत्या मिळत, आणि शेजारी भांड्यांत माझं जुनं जेवण, साग्रसंगीत, वाफा काढत तयार असे. ती स्वतःच्याच हाताला बोल लावायची. पण अन्न टाकायचं नाही, हा तिचा नियम. मग ती ते सगळं ताटात वाढून, वर दुसरं ताट झाकून, जेवणाच्या टेबलावर माझ्याच जागी ठेवून द्यायची. संध्याकाळी आल्यावर मीच खाईन, म्हणायची, आणि शाळेच्या ऑफिसात कामाला निघून जायची.

संध्याकाळी येऊन बघते तो ताट रिकामं. नुसतं रिकामं नाही, शेवटचा रस्सा बोटाने पुसून घेतल्याच्या रेघा ताटात. ही माझी सवय. आईने मारलं, बायको लाजली, पण ती गेली नाही. खुर्चीही मी ठेवतो तशी, तिरकी मागे सरकवलेली.

बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मला ठाऊक आहे. खायचं तर सांगून खा, असं तिने भिंतीकडे बघत सुनावलं. मी म्हटलं, अगं, पाय वर टांगलेला आहे माझा, मी काय उडत गेलो का टेबलापर्यंत? ती म्हणाली, भूक माणसाला काय वाट्टेल ते करायला लावते. शब्दाने शब्द वाढला. शेवटी तिने वजनाचा काटा आणला. एका पायावर, तिच्या खांद्याला धरून, मी त्याच्यावर उभा राहिलो. काटा चांगलाच खाली आलेला होता. तिने काटा उचलून हलवून बघितला, पुन्हा उभं केलं. तेच.

म्हणजे मी निर्दोष होतो. एरवी अशा वेळी मी दोन दिवस तोऱ्यात राहिलो असतो. पण त्या संध्याकाळी आम्ही दोघंही त्या रिकाम्या ताटाकडे बघत बसलो. मग तिने ते उचलून घासायला टाकलं आणि बहुधा मांजर असेल, असं म्हणाली. मीही हो, मांजरच, म्हणालो. आमच्या इमारतीत मांजर नाही, आणि ताटावर ताट परत झाकून जाणारं मांजर मी तरी पाहिलेलं नाही.

मग खालच्या काकू आल्या. हातात वाटी, म्हणजे काम नाजूक. म्हणाल्या, राग मानू नका, पण दुपारी आमचे हे झोपतात, आणि तुम्ही डोक्यावर येरझाऱ्या घालता, आमचा पंखा हलतो. मी चादर बाजूला करून प्लास्टर दाखवलं. काकूंनी प्लास्टर बघितलं, माझे बसलेले गाल बघितले, आणि बराच विचार करून म्हणाल्या, "तरी पण जरा हळू चाला."

अशा माणसाशी काय वाद घालणार? मी हळू चालायचं कबूल केलं.

दरम्यान माझी कीर्ती पसरत होती. भेटायला येणारे दारातच थबकायचे. अरे वा, ओळखलंच नाही! हे वाक्य मला इतकं गोड वाटायचं, की कुणी लगेच ओळखलं तर मला थोडा राग यायचा. मी हनुवटी वर करून बसायला लागलो. आता तिथे हनुवटी होती. प्लास्टर निघालं, वॉकर आला, आणि जुने कपडे अंगावर राहीनात म्हणून बायकोने नवे आणले. जुने कपाटात एका बाजूला लावून ठेवले. एकदा रुमाल काढताना माझा जुना पट्टा हाताला लागला. माझ्या पट्ट्याला शेवटून तिसऱ्या भोकापाशी मुरड पडलेली होती, ती मला पाठ होती. आता ती शेवटून दुसऱ्या भोकापाशी पडली होती. मी इकडे कमी होत होतो, आणि तो पट्टा कुणीतरी सैल करत होतं. मी पट्टा होता तसा अडकवला आणि कपाट हळूच लावून घेतलं, कुणाची झोपमोड होऊ नये तसं.

दुपारी पायाचे व्यायाम घ्यायला एक तरुण बाई यायच्या. त्यांची भाषा मोठी प्रेमळ. आपण पाय उचलूया, आपण दहापर्यंत धरूया, असं म्हणत त्या स्वतः आरामात बसून राहायच्या. एक दिवस आपण असाच पाय धरलेला असताना जेवणघरातली खुर्ची करकरली. जड माणूस बसल्यावर करकरते तशी, सावकाश. बाईंनी विचारलं, आत कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही.

"बरं," त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा पाठ टेकून बसायला. आवाजावरून कळतं, पुढे वाकून बसलेत. कंबर जाईल."

मी जेवताना पुढे वाकूनच बसतो. माझा पाय आपोआप खाली आला. बाई रागावल्या.

शेवटी मी मास्तरांना बोलावून सगळं सांगितलं. हसतील, वेड लागलं म्हणतील, अशी माझी आशा होती. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची हलवून बघितली, ताट वरून-खालून बघितलं आणि एखाद्या विद्यार्थ्याचं उत्तर तपासावं तसं मान हलवत म्हणाले, की वीस किलोत एवढी मजबूत खुर्ची करकरणार नाही, त्याला अख्खा माणूस लागतो. तेव्हा अजून बरंच जायचं असणार. मी विचारलं, कुणाचं? मास्तरांनी माझ्याकडे दयेने बघितलं, आणि चहा न घेता गेले. मास्तर चहा न घेता गेले हे इमारतीच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं.

आणि तसंच झालं. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा आला, गेला, आणि काटा काही थांबेना. मी घाबरलो. खरंच घाबरलो. बायकोला म्हटलं, पुरे झालं, मला नेहमीसारखं वाढ. तिला इतका आनंद झाला की तिने हात सैल सोडला. पण मला चार घासांवर जाईना. पोट विसरलं होतं. उरलेलं तिने सवयीने झाकून टेबलावर माझ्या जागी ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी काटा आणखी खाली.

त्यातच रजा वाढवायची वेळ आली. आमच्या ऑफिसच्या दाराशी अलीकडे एक यंत्र बसवलंय. त्याच्यासमोर तोंड धरायचं, ते ओळखतं आणि दार उघडतं. मी तोंड धरलं. यंत्राने लाल दिवा लावला. डावीकडून धरलं, गाल फुगवून धरलं. पहारेकऱ्याने मला नम्रपणे बाजूला घेतलं. आस्थापना विभागातल्या बाई खाली आल्या. वर्षानुवर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलेलो. त्या म्हणाल्या, तुम्हीच आहात हे मला दिसतंय हो, पण मी कोण म्हणणारी? यंत्राने म्हटलं पाहिजे. यंत्रात नवा चेहरा घालायचा तर अर्ज द्यायला आत यावं लागेल, आणि आत यायला चेहरा लागेल. एकच तोड होती, घरच्या माणसाने समक्ष येऊन ओळख पटवायची. तोपर्यंत मी पाहुण्यांच्या बाकावर बसलो. नोकरीच्या मुलाखतीला आलो तेव्हाही मी याच बाकावर वाट बघितली आहे, पण तेव्हा इतका अपमान वाटला नव्हता.

बायको धापा टाकत आली. बाईंनी विचारलं, हे तुमचे मिस्टर का? साधा प्रश्न. तिने माझ्याकडे बघितलं. कपाळ बघितलं, खांदे बघितले, शर्ट बघितला, जो तिनेच आणलेला होता. भाजीवाल्याने नेहमीपेक्षा वेगळी भाजी दिली की ती अशी उलटसुलट करून बघते.

"हो," ती म्हणाली. "हेच असतील."

"असतील नको," बाई म्हणाल्या. "आहेत म्हणा."

"आहेत," बायको म्हणाली.

घरी येताना रिक्षात ती बाहेर बघत होती. मला राहवेना. मी विचारलं, एवढा विचार कसला करत होतीस? तिला थोडं अवघडल्यासारखं झालं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, समजूत घातल्यासारखं म्हणाली, "तसं नाही हो. घरी तुम्ही एवढे बारीक दिसत नाही."

त्या क्षणापर्यंत मला पायाची काळजी होती. आता ती राहिली नाही. पाय मोडला तर काठी मिळते, घरातली जागा गेली तर काय मिळतं?

मग मी कान देऊन ऐकायला लागलो. सकाळी ती स्वयंपाकघरातून विचारायची, अहो, मीठ बरोबर आहे ना? मी पलंगावरून ओरडायचो, की मला अजून दिलंच नाहीस. पण तोवर तिचं, 'मग ठीक आहे' म्हणून झालेलं असायचं. एकदा ती मोठ्याने हसली. मी वॉकर ओढत गेलो आणि विचारलं, कुणाशी बोलतेस? ती पदर सारखा करत म्हणाली, तुमच्याशीच की. आणि ती खोटं बोलत नव्हती. तिचा चेहरा मी चांगला ओळखतो. ती खुशीत होती, कित्येक दिवसांत नव्हती इतकी. तिचं जेवण कुणीतरी पोटभर जेवत होतं. मला आयुष्यात कुणाचा एवढा हेवा वाटला नाही, आणि तो हेवा कुणाचा, तर माझाच.

एका दुपारी, ती कामावर गेल्यावर, मी हिय्या केला. वॉकर टेकत जेवणघरात गेलो. ताटावर ताट झाकलेलं होतं. वरचं उचललं, खालचं पुसून लख्ख. खुर्चीच्या बैठकीला हात लावला. ऊब होती. मी हात पटकन काढून घेतला आणि समोरच्या, पाहुण्यांच्या खुर्चीत बसलो.

आता बोलायचं कसं हा प्रश्न आला. अरे-तुरे करावं, तर ओळख नाही. वयाने माझ्याएवढाच, पण वजनाने मोठा, आणि मोठ्यांना आपण अहो-जाहो करतो. मी घसा मोकळा करून सुरुवात केली. म्हटलं, हे बघा, माझी तक्रार नाही. तुम्ही माझेच आहात. मी तुम्हाला घालवलं म्हणून तुमचा राग असेल, तोही मान्य. पण डॉक्टरांनी सांगितलं, मी काय करू? आता पाय जुळलाय. तुम्ही परत या. हळूहळू या, एकदम नको, पण या. मला तुमच्याशिवाय घरात कुणी ओळखेनासं झालंय. मी त्या रिकाम्या खुर्चीपुढे हात जोडले.

आता, मी कुणाला नाही म्हणायच्या आधी खाकरतो. ऑफिसात याची ख्याती आहे. मी खाकरलो की अर्जदार आपण होऊन कागद उचलतात.

टेबलापलीकडून कुणीतरी खाकरलं.

मी उठलो. दुसरं काय करणार? कागद तर नव्हते उचलायला. वॉकर घेऊन खोलीत आलो आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलो. माझ्या जागी गादीत जो खड्डा आहे, त्यात मी आता पुरता मावूनही चोहोबाजूंनी जागा उरायची.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर बेहद्द खूश झाले. त्यांनी मला खोलीभर चालवलं, वॉकर काढून घेतला, इतर पेशंटांना बोलावून माझा पाय दाखवला. जिद्द असावी तर अशी, असं ते सगळ्यांना सांगत होते. मी म्हटलं, डॉक्टर, हे थांबवता येईल का? ते म्हणाले, थांबवायचं कशाला, किती हलके झालात बघा. हा पाय आता तुम्हाला कुठेही नेईल. बायकोने त्यांना वाकून नमस्कार केला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण ते वेगळं.

घरी आलो. ती हातात औषधांची पिशवी घेऊन पुढे, मी मागे. जिन्याचं वळण मी स्वतःच्या पायांनी चढलो, दुखलं नाही की काही नाही. पायरीवर पाऊल वाजतही नव्हतं. मला वाटतं तिथेच घोटाळा झाला, मी मागून येतोय हे तिला कळलंच नाही. तिने कुलूप काढलं, आत गेली, चपला काढता काढता 'आले हो मी' म्हणाली, आणि मागे दार लोटलं. आत लॅच पडल्याचा आवाज झाला.

मी दारासमोर उभा राहिलो. आपलंच दार, आपलीच पाटी. बेल दाबली, वाजली नाही. मग दोन्ही हातांचे अंगठे एकावर एक ठेवून जोर लावला, तेव्हा वाजली.

आतून खुर्ची सरकली. मग पावलं आली. दमदार, दोन्ही पायांची सारखी, कुठे लंगडणं नाही. असं मी पाय मोडायच्या आधीही चालत नव्हतो. पावलं दाराशी थांबली, आणि दारातल्या भोकामागचा उजेड गेला. कुणीतरी डोळा लावून बघत होतं. मी ताठ उभा राहिलो. हसावं की गंभीर राहावं ते मला ठरवता येईना. अर्ध्या चेहऱ्याने हसलो.

"कोण आहे हो?" आतून बायकोने विचारलं.

"कुणी ओळखीचं दिसत नाही," माझा आवाज म्हणाला. भरदार आवाज. तो ऐकून मलासुद्धा बरं वाटलं.

"मग नका उघडू," ती म्हणाली. "वाढलंय मी, निवतंय. बसा बघू जेवायला."

भोकातला उजेड परत आला. आत ताटावरचं ताट उचलल्याचा आवाज झाला, आणि ती कशाला तरी हसली. फार छान हसते ती. मी शर्टाची कॉलर सारखी केली, केसांवरून हात फिरवला, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत थांबून मग बेल दाबावी, असं ठरवलं.